शेपूट शोधायला बदामीला

पहिला दिवस : सांगली ते बदामी

गेल्या आषाढात मला नागीण झाली. उजव्या कुशीला दोन दिवस नुसती आग, मग एका रात्रीत पाण्यानं भरलेल्या फोडांची माळ. मागं मणक्यापासून निघालेली आणि बरगडीच्या उतारानं पुढं छातीकडं आलेली. आत्यानं सदरा वर करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "शेपूट कुठंय रे हिची?" तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आमच्या घरातलं जुनं शास्त्र. तिनं काव उगाळली आणि फोडांच्या दोन्ही टोकांना जाड आडवी रेघ ओढली. नागिणीची वाट बंद. रेघ चांगली होती. पाटबंधाऱ्याच्या कामात चौतीस वर्षं आरेखक म्हणून घालवली आहेत, तेव्हा रेघेतलं मला कळतं. पण त्या रेघेच्या भरवशावर तीन दिवस गेले.

डॉक्टर चिडले. या दुखण्याच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग, म्हणाले. मग जरा शांत झाले आणि कागदावर माझा मणका काढून दाखवला. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मणक्यालगत नसांच्या बारक्या गाठी असतात, त्यात तो वर्षानुवर्षं निजून राहतो. वय झालं, शरीर थकलं की त्यातल्या एखाद्या गाठीतला जागा होतो आणि एकाच नसेच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. ती नस पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मधल्या रेषेपर्यंत, तीही एकाच बाजूला. पलीकडच्या बाजूची नस वेगळी. "मग जुळणार कशी?" मी विचारलं. "तिला तुमच्याभोवती वेटोळं घालताच येत नाही," ते म्हणाले. "तिचा रस्ता अर्ध्यावर संपतो."

फोड पंधरा-वीस दिवसांत वाळले. आग मात्र राहिली. नस एकदा दुखावली की महिनोन् महिने चुरचुरते. सदरा घासला तरी निखारा लागल्यासारखं होतं. घरी बसून मी दिवसातून चार वेळा आरशात ती जागा बघायचो. शेवटी भाचा वैतागला. ओंकार सर्पमित्र आहे. लोकांच्या न्हाणीघरातनं, जळणाच्या ढिगातनं साप काढून रानात सोडतो. "मामा, एकाच नागिणीकडं किती दिवस बघणार? चला, दगडातल्या शंभर दाखवतो."

म्हणून डिसेंबरात निघालो. गाडी त्यानं चालवली, पट्टा माझ्या उजव्या कुशीवरून जाऊ नये म्हणून मी डाव्या बाजूला बसलो. पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि नेमका उजव्या कमरेशी बांधला जातो, हे मिरज ओलांडल्यावर कळलं. मध्ये उशी धरली. अथणी, कृष्णेचा पूल, जमखंडी, मुधोळ. कृष्णाकाठचा ऊस संपला, काळी रानं सुरू झाली, त्यात ज्वारी. बदामी जवळ आली तसे लाल कडे दिसू लागले. रात्री ज्वारीची रोटी, भरल्या वांग्याची एणगाई आणि शेंगाची चटणी. डाव्या कुशीवर झोपलो.

दुसरा दिवस : बदामीच्या लेण्या

माकडांनी तिकीटखिडकीपाशीच ओंकारच्या हातातली केळी नेली. दगडी पायऱ्या चढून पहिल्या लेणीत आलो. बाहेरच्या बाजूला उजवीकडं अठरा हातांचा नटराज आहे, सगळी गर्दी तिथं. मी तिकडं नंतर गेलो. मला हवा होता तो ओसरीच्या छतात.

छतात नागराज आहे. अंगाचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्याच्या मधोमध माणसाचं धड वर आलेलं, डोक्यामागं फण्यांची छत्री. आता छतातलं शिल्प बघायचं म्हणजे मान मागं टाकायची, मान मागं टाकली की छाती ताणते, छाती ताणली की माझी आग. दोन मिनिटं प्रयत्न केला आणि सरळ जमिनीवर आडवा झालो. डोक्याखाली पिशवी. डिसेंबरातली सकाळ, खडक गार. पाठीला तो गारवा असा लागला की आषाढापासून पहिल्यांदा मला त्या जागेचा विसर पडला.

"सार, एळ्री!" पहारेकरी. उठा म्हणत होता. ओंकारला मिरजेच्या बाजाराइतकं कानडी येतं. "बेन्नु नोवु," त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. पाठदुखी. पहारेकऱ्यानं माझ्याकडं बघितलं, वर छताकडं बघितलं आणि पाचही बोटं दाखवून निघून गेला. पाच मिनिटं मिळाली, ती मी पंधरा करून वापरली.

आडवं पडल्यावर माझ्यातला आरेखक जागा झाला. समजा तुमच्याकडं एक गोल आहे आणि तो एकाच प्राण्यानं भरायचा आहे. हत्ती घेतला तर चारी बाजूंना जागा उरते, मग तिथं फुलं घाला, वेली घाला. सिंहाचंही तेच. माणूस तर फारच अडचणीचा, हातपाय कुठं ठेवायचे? साप एकटाच असा की ज्याला कुठल्याही गोलात फट न ठेवता बसवता येतं. गोल मोठा असेल तर एक वेढा वाढवा. जाडी कमी करत गेलं की नजर आपोआप आत ओढली जाते. भक्ती, पुराण, सगळं आहेच. पण छिन्नी हातात घेतलेल्या माणसाला हा नाग केवढा सोयीचा वाटला असेल! वेढे मोजायला गेलो. तीनदा मोजले, तीनदा वेगळा आकडा आला. नजर कडेवरून घसरत आतल्या वेढ्यावर कधी जाते ते कळत नाही.

आणि शेपूट? मला सापडलं नाही. वेढ्याखाली वेढा, त्याखाली आणखी एक, आणि मग सगळं त्या धडाखाली गडप.

"मामा, ते शेपूट नाहीच," ओंकार शेजारी मांडी घालून बसला होता. लोक सापाला डोकं आणि बाकी सगळं शेपूट असं समजतात, यावर त्याचा राग आहे. सापाला भलंमोठं धड असतं. दोनशेहून जास्त, काही जातींत चारशेच्या घरात मणके, आणि धडातल्या जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची जोडी. पोटाकडून बघितलं तर मागं एक आडवी फट असते, विष्ठेची आणि प्रजननाची वाट तीच. तिथं बरगड्या संपतात. त्याच्या मागं जे उरतं तेवढंच शेपूट. नराचं जरा लांब, मादीचं आखूड. नागाचा फणा म्हणजेही मानेच्या लांब बरगड्या बाजूला पसरून ताणलेली कातडी. "म्हणजे मूर्तिकारानं फणा काढलाय तो बरगड्यांचा," तो म्हणाला.

तो बोलत असताना माझा हात आपसूक माझ्या बरगडीवर गेला होता.

नटराजाच्या एका हातात साप आहे. आतल्या हरिहराच्या शिवाकडच्या अर्ध्या अंगात परशू, आणि परशूच्या दांड्याला साप गुंडाळलेला. वेल काठीवर चढते तसा. दुसऱ्या लेणीत मी फार थांबलो नाही, शाळेच्या सहलीनं ती ताब्यात घेतली होती.

तिसरी लेणी मात्र दुपारपर्यंत सुटली नाही. हिचा काळ अंदाजानं सांगावा लागत नाही. शके ५००, कार्तिक पौर्णिमा, म्हणजे इसवी सन ५७८, असा लेखच आहे. चालुक्य राजा कीर्तिवर्म्याचा भाऊ मंगलेश यानं ती खोदवली. ओसरीच्या टोकाला विष्णू आहे, आणि तो शेषावर निजलेला नाही, बसलेला आहे. आपल्याला शेषशायी पाहायची सवय, त्यामुळं आधी जरा चुकल्यासारखं वाटतं. शेषाचं वेटोळं थरावर थर रचून त्याचं आसन केलंय. माझी आजी हंडा डोक्यावर घ्यायच्या आधी लुगड्याच्या धडप्याची चुंबळ करायची, अगदी तशी. वर मुकुटामागं फणे उभे. खाली बैठक, वर छत्र, आणि दोन्ही एकाच प्राण्याची. सुतारानं एकाच फळीत खुर्ची आणि छप्पर करून दिल्यासारखं. इथंही मी वाकून शेपूट शोधलं. वेटोळ्यात मिटलेलं.

चौथी लेणी जैनांची. पार्श्वनाथाच्या डोक्यावर नागफण्यांचं छत्र, आणि बाहुबलीच्या पायांवर चढणाऱ्या वेली, पायांशी साप. इतका काळ स्तब्ध उभा राहिला की सापांना तो खडक वाटला. माझा भाचा बराच वेळ त्या पायांकडं बघत होता. "साप असाच असतो मामा. तुम्ही हलला नाहीत तर तुम्ही त्याला दगडच."

हे वाक्य पुढच्याच दिवशी उपयोगी पडेल हे दोघांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी अगस्त्यतीर्थाच्या काठावर. बदामीचं जुनं नाव वातापी. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून रांधायचा, ब्राह्मणांना वाढायचा, आणि जेवण झाल्यावर हाक मारायचा. वातापी पोट फाडून बाहेर. अगस्तींनी जेवून पोटावरून हात फिरवला आणि जीर्ण हो म्हणाले. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला अगस्तींचा हात महत्त्वाचा वाटायचा. आता वाटतं, खरी कामगिरी आतल्या सर्पाची. लहान आतडं सहा-सात मीटर लांब, आणि ते एवढ्याशा पोटात नागमोडी घड्या घालून ठेवलेलं. सरळ ठेवलं असतं तर आपण ताडाएवढे झालो असतो. आदल्या रात्रीची एणगाई पचली होती, त्यामुळं मी त्या आतल्या सर्पाच्या बाबतीत कृतज्ञ होतो.

तिसरा दिवस : भूतनाथ, महाकूट

सकाळी तळ्याला वळसा घालून भूतनाथाकडं गेलो. देऊळ पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं. मागच्या बाजूला मोठमोठ्या खडकांत कोरीव कामं आहेत, तिकडं शेषावर निजलेला विष्णूही आहे. तो बघून परत येताना मी पायवाट सोडून एका सपाट दगडावर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मामा. पाय तिथंच."

हळू आवाजात. ओंकार ओरडला असता तर मी उडी मारली असती. मी पाय अर्धवट उचललेला. आणि मग ऐकू आलं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चर्रर्र. दगडाच्या कडेला, सुक्या गवताच्या काड्यांत, करंगळीपेक्षा जरा जाड, जेमतेम वीतदीड वीत. फुरसं. रंग असा की दगड, माती आणि ते यांत फरक करायला मला तो आवाज लागला. डोक्यावर बाणासारखी पांढुरकी खूण. अंगाची आठच्या आकड्यासारखी वेटोळी केलेली, आणि ती वेटोळी एकमेकांवरून सतत सरकत होती. जागचं न हलता वाहत होतं. फुरशाचे खवले करवतीच्या दात्यांसारखे असतात, ते घासून हा आवाज काढतं. तोंडानं नाही. डोकं मात्र एका जागी, माझ्या बुटाकडं.

"पाय मागं घ्या. सावकाश. आता दुसरा."

चार पावलं मागं आलो तेव्हा कानशिलं घामानं भिजली होती. डिसेंबरात. ओंकारनं त्याला हात लावला नाही, काठीनंही डिवचलं नाही. "त्याच्या घरी आपण आलोय. आणि सुट्टीवर आहे मी." मग पाच-सहा हात लांब बसून आम्ही बघत राहिलो. आवाज कमी कमी होत थांबला. वेटोळं सुटलं आणि ते दगडाखाली गेलं, अंग थोडं तिरकं टाकत. नाग, मण्यार, घोणस आणि हे. आपल्याकडं सर्पदंशानं जी माणसं दगावतात ती बहुतेक या चौघांमुळं, आणि यांत सगळ्यात लहान हेच. याचं विष रक्ताची गोठण्याची क्रियाच बिघडवतं. दवाखान्यातली लस या चारींवर चालते, पण दोरी बांधत, चिरा देत, मांत्रिकाकडं जात वेळ घालवला नाही तर. एवढं बोलून त्यानं माझ्याकडं बघितलं. "काव लावत बसलं नाही तर," तो म्हणाला. मी काही बोललो नाही.

दुपारी महाकूट. डोंगराच्या कुशीत देवळांचा घोळका आणि मध्ये झऱ्याच्या पाण्याचं कुंड. पोरं उड्या मारत होती. जुन्या प्रवेशद्वाराशी दोन बाजूंना दोन सांगाडे कोरलेत. काळ आणि काली. हाडांवर कातडं तेवढं उरलेलं, बरगडी न् बरगडी दिसते. देवळाच्या दाराशी सांगाडा पहिल्यांदाच पाहिला. जवळ गेलो आणि मला एकदम सापडली: माझी वाट. मणक्यापासून निघून, बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून, उतरत उतरत पुढं येणारी. नस तिथूनच जाते, डॉक्टरांनी कागदावर हेच काढलं होतं. मी बोटानं हवेतच ती रेघ ओढून ओंकारला दाखवली. "इथनं इथपर्यंत." मागं उभ्या असलेल्या एका आजींनी मी नमस्कार करतोय असं समजून स्वतःही हात जोडले.

कुंडाच्या पायरीवर दिवड होती. चौकटीच्या नक्षीचं अंग, अर्धं पाण्यात. बिनविषारी. पोरं आली तशी पाण्यात शिरली आणि पाण्यातही जमिनीवरच्यासारखीच चालली, डावं वळण, उजवं वळण. पाणी असो, गवत असो, वाळू असो, प्रत्येक वळणानं बाजूच्या वस्तूला ढकलायचं आणि पुढं जायचं. गुळगुळीत फरशीवर साप तडफडतो तो यामुळंच, ढकलायला काही नसतं. ओंकार म्हणतो, लोकांना वाटतं तो नाचतोय.

चौथा दिवस : पट्टदकल, ऐहोळे

पट्टदकलची देवळं १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीनं बांधलं, शेजारचं मल्लिकार्जुनाचं त्रैलोक्यमहादेवीनं. दोघी विक्रमादित्य दुसऱ्याच्या राण्या, त्यानं कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवला त्याची आठवण म्हणून. देवळं भव्य आहेत, आणि यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी नदीवर गेलो.

मलप्रभा इथं उत्तरेला वळते, म्हणून जागा पवित्र. एवढी वर्षं मी नद्यांची वळणं कागदावर उतरवली, त्यामुळं मला ती देवळापेक्षा लवकर वाचता येतात. नदी नागमोडी का जाते? सपाट जागी पाण्याला जरा कुठं अडथळा झाला की धार एका काठाकडं झुकते. बाहेरच्या वळणावर वेग जास्त, तिथं काठ खचतो. आतल्या वळणावर वेग कमी, तिथं वाळू बसते. वळण आणखी वाढतं, त्याचा धक्का पुढच्या वळणाला. आणि याला माप आहे. नागमोडीचा एक पूर्ण फेरा साधारण पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असतो. ओढा असो की महानदी, आकार तोच, फक्त कागदाचं प्रमाण बदलायचं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी रात्रभर जुने नकाशे मोजत बसलो होतो. आणखी एक गंमत आहे. वळणावर वरचं पाणी बाहेरच्या काठाकडं जातं, तळाचं आतल्या काठाकडं येतं. म्हणजे पाणी पुढं जाताना स्वतःभोवती पीळ घेत जातं. सापाच्या आत साप. आमचे एक साहेब होते, त्यांना प्रत्येक ओढा पट्टीनं सरळ करायची हौस. एक ओढा केला. दोन पावसाळ्यांत त्यानं खालच्या अंगाला नवीन वळण काढलं आणि कुणाच्या तरी ऊसात गेला. नकाशा दुरुस्त करायचं काम माझ्याकडंच आलं.

ऐहोळ्याच्या वाटेवर पिंपळाच्या पारावर नागरकल्लूंची, म्हणजे नाग कोरलेल्या दगडांची, रांग होती. कुणी मुलासाठी नवस बोलून बसवलेले, हळद-कुंकवानं बुजलेले. काहींत एकच नाग उभा, काहींत दोन, एकमेकांना पीळ घातलेले, जवळजवळ वेणीच. लोक याला नाग-नागिणीचं मीलन समजतात. ओंकारनं धामणींचं असं पीळ घालून उभं राहणं दोनदा पाहिलंय. ते बहुधा दोन नर असतात आणि ती झुंज असते, कोण कुणाचं डोकं खाली दाबतो याची. "पारावर बोलू नको हे," मी म्हटलं. एक बाई ओलेत्यानं फेऱ्या घालत होती. तिच्या पाठीवर वेणी, वेणीत गोंडे. माझ्या आईच्या पेटीत चांदीचे नाग-गोंडे होते, लग्नातले. लहानपणी मी ते जमिनीवर सरपटवायचो.

आता ऐहोळे. दुर्ग देवळाचं नाव दुर्गेवरून नाही, दुर्गावरून, तटबंदीवरून. मागची बाजू अर्धगोल, भोवती खांबांची ओवरी. मुखमंडपाच्या छतात पुन्हा वेटोळ्यातला नागराज, आणि दुसऱ्या चौकटीत मासे आरे झालेलं चाक. इथं मी आडवा झालो नाही, कारण दाराकडं लक्ष गेलं.

दाराच्या चौकटीला एकाबाहेर एक पट्ट्या असतात, शाखा म्हणतात त्यांना. कुणावर फुलं, कुणावर मिथुनं. त्यांतली एक नागशाखा. दोन सापांची अंगं एकमेकांत गुंतवून काढलेली साखळी, उंबऱ्यापासून वर चढत गेलेली. लांबून नुसती जाळीदार नक्षी वाटते. जवळ गेलं, बोट न लावता बोटानं माग काढला, की कळतं हा पीळ एका श्वासात काढलाय. वरून जाणारा पुढच्या गाठीला खालून जातो, पुन्हा वर, कुठंही चूक नाही. दोरीची गाठ कागदावर काढणं किती अवघड असतं ते मला विचारा. पाचव्या वळणाला वरचा कोणता आणि खालचा कोणता हे हमखास विसरतं. इथं दगडात खोडरबर नाही. नागांची तोंडं खाली, उंबऱ्याच्या बाजूला. आणि अंगं वर वर जात, कोपऱ्याशी वळून, दाराच्या माथ्यावर मधोमध येतात. तिथं ललाटबिंबावर गरुड आहे. पंख पसरलेला. त्याच्या दोन मुठींत दोन्हीकडची शेपटं.

सापडलं.

मी तिथंच आत्याला फोन लावला, चित्र दिसेल असा. वय ८४. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं. "तोंड खाली नि शेपूट वर होय?"

"होय. मध्ये अख्खा दरवाजा."

"आणि धरलंय कुणी?"

"गरुडानं."

"मग बरंय," ती म्हणाली. "माझी कावेची रेघ तीच की." आणि जेवलास का म्हणून विचारलं.

तिच्याशी वाद घालण्यात मी आयुष्यात कधी जिंकलेलो नाही.

पाचवा दिवस : हंपी

रस्ता लांब, उन्हं चढलेली, पाठ पुन्हा पेटलेली. विठ्ठल मंदिर, रथ, बाजार, सगळं पाहिलं, पण पाटी टाकल्यासारखं. फक्त नरसिंहाचं सांगतो.

एकाच खडकातला, ६.७ मीटर उंच, १५२८ सालचा, कृष्णदेवरायाच्या वेळचा. बाहेर आलेले डोळे, जबडा, गुडघ्यांना आडवा योगपट्ट. बसलाय तो आदिशेषाच्या वेटोळ्यावर, आणि डोक्यावर त्याच शेषाचे सात फणे. बदामीची चुंबळच, साडेनऊशे वर्षांनी, कितीतरी मोठी. मांडीवर लक्ष्मी होती, ती फोडली गेली. हातही तुटलेत. पण तिचा एक हात राहिलाय. मागं, नरसिंहाच्या पाठीवर टेकलेला. समोरून तो दिसत नाही. माणूस गेलं, मांडी गेली, पाठीवरचा हात तेवढा आहे. हे कळल्यावर मी पुढची बाजू बघितलीच नाही फारशी. कठड्याच्या कडेनं वाकून मागचा अंदाज घेत राहिलो, ओंकार म्हणाला पडाल.

रात्री होसपेटच्या लॉजवर सदरा काढला आणि पालथा पडलो. पाठीमागच्या टोकापर्यंत माझा हात पोचत नाही, घरी हिच्या हातचं मलम असतं. ओंकारनं नळी पिळून बोटावर घेतली. फुरशासमोर न हललेलं बोट, इथं जरा घाबरत होतं.

"मामा, सुरुवात कुठनं करू?"

"मणक्यापासनं. उजवीकडं. मग बरगडीखालनं पुढं."

गार लागलं. बोट हळूहळू उताराला लागलं, वळण घेत, कुशीवरून पुढं, आणि मध्यावर येऊन थांबलं.

"हे तोंड की शेपूट?" त्यानं विचारलं.

"पुन्हा मागनं लाव," मी म्हटलं.